आयडी ब्लॉक, गाडी चालू

पुण्यात ओला-उबरचं काही बिनसलं की बीड जिल्ह्यात ते पेपरात छापून यायच्या आधी पारावर कळतं. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात शिरा. मारुतीच्या देवळासमोर एरवी एखादी ट्रॉली आणि दोन शेळ्या असतात, तिथं एमएच १२ ची पांढरी डिझायर उभी दिसते. पिवळी पाटी, मागच्या काचेवरचं कंपनीचं स्टिकर नखानं खरवडून अर्धं काढलेलं, त्याच्या वरचं ‘आई-वडिलांची पुण्याई’ मात्र शाबूत. अशी एक गाडी दिसली तर गावात कुणाचं तरी लग्न आहे. दोन-तीन दिसल्या तर जत्रा. पाच-सहा दिसल्या आणि त्यांचे मालक भर दुपारी लिंबाखाली पत्ते कुटत बसलेले असले, तर पुण्यात संप आहे.

बीडच्या माणसानं या विषयावर बोलावंच का, असं कुणी विचारील. रास्त आहे. बीड शहरात माळीवेशीत उभं राहून ती ॲपं उघडली तर नकाशा उमटतो, बिंदुसरा दिसते, निळा ठिपका ‘तुम्ही इथं आहात’ असं सांगतो. ते आपल्याला माहीत असतंच. पुढं काही घडत नाही. जी सेवा आलीच नाही ती गेल्याचं सुतक आम्ही काय म्हणून पाळावं? पण सेवा इकडं आली नाही तरी ती चालवणारे इकडून तिकडं गेले. पुण्यात रात्री अकराला कॅबमध्ये बसून ड्रायव्हरला “दादा, गाव कोणतं?” एवढं विचारून बघा. बीड नाही म्हणाला तर लातूर, परभणी नाहीतर धाराशिव म्हणेल. पुण्याचा निघाला तर तो गाडीचा मालक असेल आणि ड्रायव्हर सुट्टीवर गेलेला असेल.

जिल्ह्याला पोटासाठी बाहेर पडायची सवय जुनी आहे. दसरा-दिवाळी उरकली की ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार टाकून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत कोयता त्याचा. या घरांतली पोरं थोडी शिकली, कोयता नको म्हणाली आणि वाघोली, चाकण, हडपसरला जाऊन त्यांनी स्टिअरिंग धरलं. शिरूर तालुक्यातल्या अशाच एका पोराच्या वडिलांनी मला ॲपवाल्या कंपन्यांचा सगळा धंदा बाजेवर बसल्या बसल्या उलगडून सांगितला.

“त्यात काय अवघड हाय?” ते म्हणाले. “आमच्या मुकादमासारखंच की. पहिल्यांदा हात सैल सोडायचा. माणूस म्हणतो, आरं, लई पैसा हाय हितं. त्यो गाडी घेतो. एकदा का गाडीचा हप्ता सुरू झाला, की मंग ह्यांनी मूठ आवळायची.”

हे त्यांनी कुठं वाचलेलं नव्हतं, पण झालं होतं तंतोतंत तसंच. २०१५-१६ च्या सुमाराला कंपन्यांनी इन्सेंटिव्हची अशी खैरात केली, की गावाकडच्या पोरांनी आत्याच्या, मावशीच्या, मेहुण्याच्या नावावर गाड्या काढल्या. २०१७ उजाडेपर्यंत खैरात आटली आणि देशभर ड्रायव्हर रस्त्यावर आले. मुंबईत ऑक्टोबर २०१८ मधला संप तर दहा दिवसांच्या वर चालला. तोवर मेहुण्याच्या नावावरच्या गाडीवरून घरात अबोला सुरू झालेला.

ऊसतोडीत दिवस बुडाला की खाडा लागतो, इथं चार राईडी कॅन्सल केल्या की आयडी ब्लॉक. तिकडं काट्यावर जे वजन लागलं म्हणतील ते खरं धरायचं, इकडं कंपनी जेवढे किलोमीटर दाखवील तेवढे. फरक एकच, आणि तोच वडिलांना जिव्हारी लागला होता. “मुकादमाला निदान तोंड असतंय. घरी येतो, च्या पितो, आपुन दोन शिव्या हासडू शकतो. ह्यांच्या कंपनीला शिवी द्यायची म्हणलं तर एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा. शिवी इसरून जाती तवर.”

शिवाय मुकादम पळाला तर तो कोणत्या गावचा, हे तरी ठाऊक असतं. कंपनीचं तसं नाही. टॅक्सीफॉरशुअर नावाची एक कंपनी होती. मार्च २०१५ मध्ये ओलानं ती विकत घेतली आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये गुंडाळून टाकली. दिल्ली आणि बंगळुरूत विजेवरच्या गाड्या चालवणारी ब्लूस्मार्ट तर एप्रिल २०२५ मध्ये बघता बघता थांबली. तिच्या प्रवर्तकांच्या जेन्सॉल या कंपनीवर सेबीचा आदेश निघाला आणि एक-दोन दिवसांत बुकिंग बंद. सुमारे दहा हजार ड्रायव्हर घरी बसले. ही बातमी आमच्याकडं लिंबाखाली वाचली गेली तेव्हा पोरांना आधी हळहळ वाटली. मग कुणीतरी म्हणालं, त्यांच्या गाड्या कंपनीच्या होत्या, चालवणाऱ्यावर कर्ज नव्हतं. त्यासरशी हळहळ गेली आणि हेवा आला. कंपनी बुडते आणि हप्तासुद्धा राहत नाही! दैव लागतं त्याला.

महाराष्ट्रात बंद पडण्याची रीतच निराळी. इथं सेवा बंद होते, पण थांबत नाही. पुण्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये रिक्षावाल्यांनी बाइक टॅक्सीविरुद्ध संप पुकारला. १३ जानेवारी २०२३ ला मुंबई उच्च न्यायालयानं रॅपिडोला परवाना नसल्यामुळं सेवा थांबवायला सांगितलं, फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानंही दिलासा दिला नाही. स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत राहणारी आमच्याकडची काही पोरं संध्याकाळी बाइक चालवून मेसचे पैसे काढायची. त्यांची मेस अडचणीत आली, पण चालू घडामोडींचा एक प्रश्न कायमचा पाठ झाला. पुढं २०२५ मध्ये राज्यानं बाइक टॅक्सीला नियम करून दिले, तेही फक्त विजेवर चालणाऱ्या दुचाकींसाठी. तोवर ती पोरं तलाठ्याच्या फॉर्मकडं वळली होती.

मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणानं ओला आणि उबर यांचे चारचाकीसाठीचे परवान्याचे अर्ज फेटाळले. गावात ही बातमी पोहोचली तेव्हा आयांनी फोन लावले, “ये बाबा घरी आता.” पोरं म्हणाली, “येतो, एवढी राईड सोडून.” कंपन्यांना अपिलाची मुभा होती आणि गाड्या दुसऱ्या दिवशीही तशाच पळत होत्या. परवाना नाही म्हणून गाडी बंद होते, ही कल्पना बीडच्या माणसाला तशीही पटायला जड जाते. आमच्याकडं परवाना ही गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायची वस्तू आहे, गणपतीच्या मूर्तीशेजारी. दोघांपैकी कोण कधी पावेल सांगता येत नाही.

खरी मजा आली ती मे २०२५ मध्ये. पुण्याच्या कॅबवाल्यांनी ठरवलं की कंपनीनं दाखवलेलं भाडं घ्यायचं नाही, परिवहन प्राधिकरणानं ठरवून दिलेल्या दरानं घ्यायचं : पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढं दर किलोमीटरला २५. ॲप होतं, गाडी होती, ड्रायव्हर होता, फक्त भाव गेला होता. भाव गेल्यावर शहरातला प्रवासी किती उघडा पडतो ते तेव्हा दिसलं. गाडी मिळण्याची हमी पुण्यातल्या ॲपनं कधीच दिली नव्हती. “ड्रॉप कुठंय? ऑनलाइन का कॅश?” एवढं विचारून ड्रायव्हर अंतर्धान पावायचे. ॲपनं दिलं होतं ते दुसरंच : माणसाशी न बोलता बसायची आणि न बोलता उतरायची सोय. ती सोय गेली आणि आयटीतली शिकलेली लेकरं भर रस्त्यात गोंधळून उभी राहिली, कारण आता समोरच्याशी घासाघीस करायची होती आणि ती त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हती.

आमची आत्या केजची. त्याच दिवसांत ती एसटीनं वाकडेवाडीला उतरली आणि घ्यायला आलेल्या भाच्यानं सिंहगड रोडसाठी गाडी बोलावली. गाडी आली. ड्रायव्हर म्हणाला, “मावशी, ॲपचा रेट चालत नाही, मीटरप्रमाणं होतील.”

“मीटर कुठाय?”

“मोबाइलमध्ये.”

“म्हंजे मोबाइलातला रेट खोटा, आन् मोबाइलातलंच मीटर खरं?”

ड्रायव्हर गप्प झाला. भाचा तर आधीपासूनच गप्प होता. त्याला शंभरेक रुपये जास्त द्यायचं दुःख नव्हतं, कुणीतरी बघतंय याचं होतं. आत्यानं मात्र पिशवी खाली ठेवली. पिशवी खाली ठेवली म्हणजे बैठक लांबणार, हे बीड जिल्ह्यात लहान पोराला कळतं. ड्रायव्हरलाही कळलं असावं, कारण तो खाली उतरला.

“कोण्या गावचा रे तू?”

“रायमोह.”

“रायमोहात कोणाचा?”

इथून पुढचं भाड्याच्या वाटाघाटीत मोडत नाही. ते वंशावळीत मोडतं. आत्याच्या नणंदेची सून रायमोहाची निघाली, त्या सुनेच्या भावानं या पोराच्या चुलत्याबरोबर पाथर्डीला शाळा केलेली निघाली. पाच मिनिटांत सामान डिकीत, आत्या पुढच्या सीटवर आणि भाचा मागं पिशव्यांत. मुक्कामी पोचल्यावर त्यानं ॲपवर दिसत होतं तेवढंच मागितलं. आत्यानं वर पन्नास दिले, चार कैऱ्या दिल्या आणि “आईला फोन करत जा” एवढं वर सुनावलं. भाच्यानं नंतर त्याला पाच स्टार द्यायला मोबाइल काढला, तर राईड ड्रायव्हरनं केव्हाच कॅन्सल केलेली. म्हणजे त्या फेरीत मुकादमाला काही मिळालं नाही. मला हा व्यवहार बेकायदेशीर वाटतो, आणि त्यातला एकही माणूस मला चुकलेला वाटत नाही.

अमेरिकेतही असं घडलेलं आहे. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरानं मे २०१६ मध्ये ड्रायव्हरांच्या बोटांचे ठसे घ्यायचेच असा कौल मतदानानं दिला, तेव्हा उबर आणि लिफ्ट दोन्ही कंपन्या दोन दिवसांत शहर सोडून गेल्या. वर्षभर आल्या नाहीत. लोकांनी काय केलं? फेसबुकवर ग्रुप काढले. ‘मी अमुक ठिकाणी उभा आहे, तमुक ठिकाणी जायचंय, कुणी आहे का?’ मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी त्यावर लिहिलं. आमच्याकडं ‘बीड-पुणे गाडी’ नावाचे व्हॉट्सॲप ग्रुप रोज संध्याकाळी हेच करतात आणि त्यावर कुणी लिहीत नाही. ‘उद्या सकाळी ६ ला निघणार, इर्टिगा, २ शिटा शिल्लक, मांजरसुंबा मार्गे.’ खाली एकाचा प्रश्न असतो, ‘पाटोद्याला सोडाल का’, आणि त्याच्या खाली कुणीतरी विनाकारण शुभ सकाळचं गुलाबाचं फूल टाकलेलं असतं.

तर पुण्याहून हिरमुसून परतलेली डिझायर इथं काय करते? पहिले काही दिवस ती नगर नाक्यावर जाऊन उभी राहते आणि तिथं तिची शाळा सुरू होते. नाक्यावर राज्य काळी-पिवळीचं, म्हणजे क्रूझर आणि ट्रॅक्सचं. कागदावर दहाची गाडी, आत चौदा, आणि वरची दोन पोरं मागच्या शिडीला. तिथल्या नियमानुसार गाडी वेळेवर सुटत नाही, भरल्यावर सुटते. “चला, निघालोच, एकच शीट ऱ्हायलंय” ही आरोळी पहिला माणूस बसल्यापासून शेवटचा बसेपर्यंत तीच असते. गाडी जवळजवळ भरलेली दिसावी म्हणून दोन-तीन ओळखीची पोरं आत बसवून ठेवतात. खरं गिऱ्हाईक आलं की एकेक जण तंबाखू थुंकायचं निमित्त करून उतरतो आणि परत येत नाही. पुण्यात नकाशावर गाड्या दिसतात आणि प्रत्यक्षात नसतात. इथं गाडीत प्रवासी दिसतात आणि प्रत्यक्षात नसतात.

डिझायरवाल्याला हे जमत नाही. त्याला तीन मिनिटांत गाडी हलवायची सवय. एका म्हाताऱ्यानं हात केला, हा थांबला, आणि जिभेला लागलेल्या वळणानं बोलून गेला, “मामा, ओटीपी सांगा.” मामा दोन पावलं मागं सरकले. बँकवाल्यांनी बजावून ठेवलेलं, ओटीपी कुणाला सांगायचा नाही. ते चालत निघून गेले.

काळी-पिवळीवाल्यांचे दिवसही काही सोन्याचे नाहीत. त्यांचं गिऱ्हाईक कुठल्या कंपनीनं नेलं नाही, एसटीनं नेलं. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. पासष्टीपुढच्यांना सवलत होतीच. नाक्यावर मागं उरले ते फक्त पासष्टीच्या आतले पुरुष, आणि तो वर्ग शक्यतो मोटारसायकलवर फिरतो. बायका आता एसटीची तासभर वाट बघतात, पण क्रूझरकडं ढुंकून बघत नाहीत. एका ड्रायव्हरनं मला उद्वेगानं सांगितलं, “पहिलं एका कुटुंबाची पाच शिटा मिळायची. आता नवरा एकटाच आमच्यात बसतो आन् बायको एसटीनं येती. मधी भांडणं झाली तर आमच्यावर नाव.”

त्याच माणसानं एसटीचा संपही पाहिलेला. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटापासून एप्रिल २०२२ पर्यंत लालपरी आगारात उभी होती, आणि नोव्हेंबरात सरकारनं खासगी बस, स्कूल बस, अगदी मालवाहू गाड्यांनाही माणसं न्यायची परवानगी दिली. आयुष्यभर नाक्यावर खाकी रंग दिसला की गाडी गल्लीत घालणाऱ्या या मंडळींना साहेब लोक हातानं पुढं बोलावू लागले. “भरा, भरा.” धंदा चांगला झाला, पण कित्येकांना झोप लागेना. काहीतरी चुकतंय, असं सारखं वाटत राहायचं.

यात सगळं गमतीचं आहे असं मी म्हणणार नाही. चौदा माणसांच्या क्रूझरला मांजरसुंब्याच्या घाटात ब्रेक लावावा लागतो तेव्हा कुणाला विनोद सुचत नाही. रात्री नऊनंतर एकट्या बाईला तालुक्याच्या गावाहून खेड्यात जायचं असलं तर नंबर पाटी, चालकाचं नाव आणि घरच्यांना पाठवायची लिंक, यांतलं काहीही आमच्या नाक्यावर मिळत नाही. मिळतो तो ड्रायव्हर ओळखीचा असण्याचा भरवसा, आणि ओळखीचा नसला तर काहीच नाही. रेल्वे म्हणावी तर अहिल्यानगरहून बीडला पहिली गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला आली. त्याआधीच्या पिढ्यांना रस्त्याशिवाय दुसरं काही माहीत नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या काकांना एका रात्री दोन वाजता छातीत दुखू लागलं. सिव्हिलमधून सांगितलं, संभाजीनगरला घाटीत न्या. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या फेरीवर गेलेली. अशा वेळी बीडमध्ये ॲप उघडत नाहीत, दार उघडतात. मागच्या गल्लीत पुण्याहून परतलेला एक डिझायरवाला राहत होता, त्याला हाका मारून उठवला. पोरगं बनियनवरच आलं. सव्वाशे किलोमीटर, एकदाही करकचून ब्रेक नाही, पाडळसिंगीच्या टोलवर स्वतःचे पैसे भरले, घाटीत स्ट्रेचर शोधून आणलं आणि उजाडेपर्यंत बाहेर थांबलं. काका वाचले. आता चांगले हिंडतात.

तिसऱ्या दिवशी काका घरी आले आणि भाड्याचा विषय निघाला. काकांच्या थोरल्या मुलानं विचारलं, “किती द्यायचे रे?” पोरगं खाली बघून म्हणालं, “द्या भाऊ, तुम्हाला वाटंल ते.”

पुण्यात पावसात भाडं दुप्पट-तिप्पट होतं म्हणून लोक बोंब मारतात. त्यांनी हे वाक्य ऐकलेलं नाही. तिप्पट भाडं आकड्यात असतं, भरलं की सुटका. ‘तुम्हाला वाटंल ते’ याला आकडा नाही. कमी दिले तर गल्लीत नाव जातं, जास्त दिले तर पुढच्या आजारपणात तोच भाव लागतो. काकांच्या घरात बैठक बसली. काकू म्हणाल्या, तीन द्या. धाकटा म्हणाला, डिझेल किती लागलं ते आधी काढू. शेवटी थोरल्यानं पुण्यातल्या मेहुण्याला फोन लावला, “तेवढं ॲपवर बघ रे, बीड ते संभाजीनगर किती दाखवतंय.” मेहुण्यानं बघून आकडा सांगितला. सगळ्यांना हायसं वाटलं. कंपनीनंच सांगितलं म्हटल्यावर कुणाच्या मनात किंतु राहायचं कारण नव्हतं. तेवढेच पैसे मोजून, पाकिटात घालून, वर कुंकू लावून पोराच्या हातात दिले.

पोरानं पाकीट उघडलं, नोटा बघितल्या आणि थोरल्याकडं बघितलं.

“भाऊ, ह्यो ॲपचा रेट हाय का?”

“हो. मुद्दाम विचारून घेतला.”

“ह्या रेटाला कंटाळून तर पुणं सोडलं.”